लवकर कळलं, पण कुणाला?

एअर सॅम्पलिंग स्मोक डिटेक्शनची यंत्रणा विकली जाते ती एका आकड्यावर: मीटरला ०.००५ टक्के. म्हणजे एक मीटर अंतरात प्रकाशाचा लाखातला पाच भाग जरी धुराने अडला, तरी मशीनला ते दिसतं. छताला लावलेला नेहमीचा गोल डिटेक्टर बोलायला लागतो तो मीटरला दोन-चार टक्के किंवा त्याहून दाट धूर साचल्यावर. या दोन आकड्यांमधली दरी दाखवली की मीटिंगमधलं अर्धं काम होतं. कन्सल्टंट स्पेसिफिकेशनमध्ये ओळ टाकतो, खरेदीवाले दर पाडून मागतात आणि ऑर्डर निघते. एक प्रश्न मात्र या मीटिंगमध्ये सहसा कुणी काढत नाही. रात्री तीन वाजता या मशीनने पहिली सूचना दिली, तर कोण जाणार, कुठे जाणार, किती मिनिटांत पोचणार आणि पोचल्यावर काय बघणार? या कामात जसजशी वर्षं जातात तसतसं माझं एक मत घट्ट होत गेलंय. अलार्मची पातळी मशीनला काय दिसू शकतं यावरून ठरवू नये. बघायला जाणाऱ्या माणसाला किती वेळ लागतो यावरून ठरवावी. नळ्यांची आखणी, होलांची संख्या, झोन, फिल्टर, देखभालीचा वार्षिक करार (एएमसी) हे सगळं त्या माणसाचा हिशेब आधी मांडून मग करावं. प्रत्यक्षात माणसाचा विचार येतो तो हँडओव्हरच्या दिवशी, पॅनेलसमोर उभ्या असलेल्या सिक्युरिटीवाल्याला ‘हे लाल बटण दाबलं की आवाज बंद होतो’ एवढं सांगून.

मशीन काय करतं ते आधी नीट मांडलं पाहिजे, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. नेहमीचा डिटेक्टर धूर आपल्यापर्यंत येण्याची वाट बघत बसतो. एअर सॅम्पलिंगमध्ये एक छोटा पंखा सतत हवा ओढत असतो. छताखालून, फॉल्स फ्लोअरच्या आतून किंवा एसीच्या तोंडावरून २५ मिलिमीटर बाहेरच्या व्यासाची नळी फिरवलेली असते, तिला ठरावीक अंतरावर दोन ते चार मिलिमीटरची होलं पाडलेली असतात आणि त्या प्रत्येक होलातून हवेचा घोट मशीनपर्यंत जातो. मशीनच्या आत आधी फिल्टर, मग एक बंद कोठडी. कोठडीत लेसर किंवा एलईडीचा झोत जातो. धुराचे कण असतील तर प्रकाश विखुरतो आणि बाजूला बसवलेला रिसीव्हर तो मोजतो. ही कल्पना ऑस्ट्रेलियातली. सीएसआयआरओ या तिथल्या सरकारी संशोधन संस्थेत १९७० च्या सुमारास जंगलातल्या आगींचा धूर मोजायला नेफेलोमीटर वापरत होते. पुढे तिथल्या टपाल-तार खात्यासाठी वेगवेगळ्या डिटेक्टरांच्या चाचण्या झाल्या, तेव्हा त्यांचं काम तपासायला मोजपट्टी म्हणून हाच नेफेलोमीटर एसीच्या परतीच्या हवेत ठेवला होता. मोजपट्टीलाच सगळ्यांच्या आधी धूर कळतोय हे दिसल्यावर तिलाच डिटेक्टर का करू नये, असा विचार पुढे आला. त्यातून आलेलं व्हेस्डा हे नाव इतकं रुजलं की आज मशीन कुठल्याही कंपनीचं असो, साइटवर सगळे त्याला व्हेस्डाच म्हणतात. या जन्मकथेतला एक तपशील मला महत्त्वाचा वाटतो. ते उपकरण चाचणीत यशस्वी झालं तेव्हा त्याच्यासमोर माणसं बसलेली होती, आकडा कशाचा आहे हे ओळखणारी. उपकरण बाजारात आलं, ती माणसं आली नाहीत.

आता तो ०.००५ चा आकडा. तो मशीनच्या कोठडीतला आहे, तुमच्या खोलीतला नव्हे. समजा, नळ्यांवर मिळून ४० होलं आहेत आणि फायरची पातळी मीटरला ०.१ टक्क्यावर लावली आहे. एका रॅकमध्ये पॉवर सप्लाय जळायला लागला आणि त्याचा धूर फक्त एका होलात शिरला. बाकीच्या ३९ होलांतून स्वच्छ हवा येतेय, ती त्या धुरात मिसळणार. म्हणजे त्या एका होलाशी धूर मीटरला चार टक्के होईपर्यंत मशीन फायर म्हणणार नाही. लाखो रुपये खर्चून आपण त्या होलाच्या जागी एक नेहमीचा गोल डिटेक्टर बसवला, असाच याचा अर्थ. तोच धूर पसरून आठ होलांत शिरला तर अर्धा टक्काही पुरतो. यंत्रणेची ताकद या बेरजेत आहे आणि बेरीज होणार की नाही हे खोलीतली हवा कशी फिरते त्यावर ठरतं. डेटा सेंटरमध्ये हवा जोरात फिरते, म्हणून तिथे ही यंत्रणा शोभते. शांत, बंद रेकॉर्ड रूममध्ये धूर एका कोपऱ्यातच वर चढत राहतो आणि ४० होलांचं जाळं तिथे कागदावर दिसतं त्याहून कितीतरी मंद ठरतं. म्हणून ‘चार नळ्या, एकूण दोनशे मीटर, दोन हजार चौरस मीटर क्षेत्र एका मशीनवर’ हे माहितीपत्रकातलं वाक्य मला नेहमी खटकतं. ते खोटं नाही. पण मशीन किती मोठ्या जागेची हवा ओढू शकतं ते सांगणारं ते वाक्य आहे. माणूस किती जागा धुंडाळू शकतो याचा त्यात विचार नाही.

एवढी सव्यापसव्यं कशाला, छताला साधे डिटेक्टर दाट लावले तर भागणार नाही का, हा आक्षेप खर्चाचा हिशेब बघणारे घेतात आणि तो उडवून लावण्यासारखा नाही. ऑफिस, हॉटेलच्या खोल्या, दुकानं अशा बहुतेक जागी साधे डिटेक्टरच योग्य आहेत; तिथे एअर सॅम्पलिंग लावणं म्हणजे नुसता तोरा. पण ऐरोली, रबाळे, महापे भागात उभ्या राहिलेल्या डेटा सेंटरांच्या एखाद्या हॉलमध्ये उभं राहून बघा. फॉल्स फ्लोअरच्या जाळीतून थंड हवा वर येते, रॅकमधून तापून मागे निघते आणि पॅक युनिट, म्हणजे तिथले एसी, ती खेचून घेतात. वायरचं इन्सुलेशन नुसतं तापायला लागलंय अशा वेळी त्यातून निघणाऱ्या धुराला स्वतःची उष्णता फारशी नसते. तो वर छताकडे जायच्या ऐवजी वाऱ्याबरोबर आडवा जातो, पातळ होतो आणि थेट पॅकच्या तोंडात शिरतो. छतावरच्या डिटेक्टरला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून अमेरिकेतलं टेलिकॉम इमारतींसाठीचं मानक, एनएफपीए ७६, परतीच्या हवेच्या जाळीवर दर ०.४ चौरस मीटरला एक होल मागतं आणि अतिशय लवकर सूचना देणाऱ्या यंत्रणेत शेवटच्या होलातली हवा ६० सेकंदांत मशीनपर्यंत पोचली पाहिजे असं म्हणतं. सर्वसाधारण मानकात, एनएफपीए ७२ मध्ये, हीच मर्यादा १२० सेकंद आहे. अशा हॉलमध्ये साधा डिटेक्टर दुसरी फळी म्हणून हवाच, पण पहिली फळी हवा ओढणारीच लागते. माझा मुद्दा या यंत्रणेच्या विरोधात नाही. जिथे ती लागते तिथे ती निम्मीच बसवली जाते, अशी माझी तक्रार आहे.

बसवण्याचं काम वरकरणी प्लंबरचं वाटतं आणि बऱ्याचदा ते प्लंबरकडूनच करून घेतात. नळी कापताना काप सरळ हवा; कडेला राहिलेला कीस आत जाऊन पुढच्या एखाद्या होलात अडकतो. सॉल्व्हंट आत शिरणाऱ्या नळीला बाहेरून लावायचं, आतल्या तोंडाला थापलं तर ते दाबलं जाऊन आत ओघळतं आणि २१ मिलिमीटरच्या वाटेत कायमची धोंड बसते. वळणाला काटकोनी एल्बो वापरायचा नाही, लांब वळसा घेणारा बेंड घ्यायचा. दर दीड मीटरला क्लॅम्प. भिवंडीच्या गोदामांसारख्या पत्र्याच्या छताखाली नळी दिवसा तापून लांब होते आणि रात्री आखडते, तिथे क्लॅम्प आवळून बसवला की सांधा केव्हातरी सुटणारच. होल पाडायचं ते धारदार ड्रिलने, सावकाश, आणि पाडल्यावर आतली कड साफ करून मशीनला जोडण्याआधी नळी फुंकून घ्यायची. तीन मिलिमीटरच्या होलावर अर्धा मिलिमीटरचा कीस राहिला तर सॉफ्टवेअरमध्ये काढलेला हिशेब त्या होलापुरता बाद होतो, कारण होलाचा व्यास हाच इथला नळ आहे. त्यावरच कुठून किती हवा येणार ते ठरतं. हे सगळं आखणीच्या कागदावर असतं. साइटवर मात्र आपण पोचेपर्यंत केबल ट्रेवाला येऊन गेलेला असतो, स्प्रिंकलरची लाइन आपल्या जागेतून गेलेली असते, आणि नळी दोन ठिकाणी वर-खाली करून पुढे न्यावी लागते. हे दोन जादाचे बेंड सॉफ्टवेअरमध्ये परत घालून हिशेब नव्याने मांडला असं फार कमी ठिकाणी होतं. ‘ॲज बिल्ट’ म्हणून जे ड्रॉइंग फायलीला लागतं ते बहुधा टेंडरचंच असतं, तारीख बदललेलं.

पण बसवताना होणारी सगळ्यात महागडी चूक झोनची असते. एका मशीनला ४० होलं, मशीन एकच आकडा दाखवणार. कुठल्या होलातून धूर आला ते साध्या मशीनला सांगता येत नाही. चार नळ्यांपैकी कुठल्या नळीतून आला हे सांगणारी मशीनं मिळतात. बारीक ट्यूबा वापरून एकेका जागेचा पत्ता देणारीही मिळतात. महाग असतात, म्हणून व्हॅल्यू इंजिनिअरिंगच्या नावाखाली आधी त्यांच्यावर कात्री चालते. मग दोन हॉल आणि मधला यूपीएस रूम मिळून एक झोन होतो. पॅनेलवर नाव येतं ‘झोन ३, पहिला मजला’. ते नाव टाइप करणाऱ्याला तिथे तीन दारं आहेत, एकाला बायोमेट्रिक कुलूप आहे आणि एकाची किल्ली इलेक्ट्रिकल सुपरवायझरकडे असते हे माहीत नसतं. धूर मशीनने साठाव्या सेकंदाला ओळखला आणि तो शोधायला गडी वीस मिनिटं फिरला, तर यंत्रणेचा वेग वीस मिनिटांचा. हा हिशेब आखणीच्या वेळी मांडला तर झोन आपोआप लहान होतात. मशीनं वाढतात हे खरं, पण एखाद-दोन मशीनं वाढवून जो वेळ वाचतो तो संवेदनशीलता दहापट केल्यानेही वाचत नाही.

याचा जगासमोरचा पुरावा पॅरिसमध्ये आहे. नोत्र दामच्या लाकडी माळ्यावर याच जातीची यंत्रणा होती: बारीक छिद्रांच्या नळ्या, हवा ओढणारं मशीन. १५ एप्रिल २०१९ ला संध्याकाळी ६ वाजून १८ मिनिटांनी तिने धूर पकडला. यंत्रणा चुकली नाही, उशीरही केला नाही. पॅनेलवर जो संदेश उमटला तो जागेचं नाव आणि सांकेतिक क्रमांक यांची सरमिसळ होता. तेव्हा प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतानुसार पॅनेलसमोरच्या कर्मचाऱ्याला त्या जागी कामाला लागून जेमतेम तीन दिवस झाले होते. त्याचा निरोप मिळाल्यावर रखवालदार गेला तो शेजारच्या सॅक्रिस्टीच्या इमारतीत. तिथे काहीच नव्हतं. आग मुख्य चर्चच्या माळ्यावर लागली होती. चूक लक्षात येऊन कुणीतरी शेकडो पायऱ्या चढून तिथे पोचेपर्यंत ज्वाळा दिसत होत्या आणि अग्निशमन दलाला फोन गेला तो पहिल्या सूचनेनंतर जवळपास अर्ध्या तासाने. आठ वाजायच्या आत मनोरा कोसळला. यंत्रणेच्या मांडणीत एक गृहीतक होतं: ओकचं जुनं लाकूड सावकाश पेटतं, म्हणून आधी माणूस पाठवून खात्री करायला वेळ आहे. गृहीतक एक वेळ सोडून देऊ. पण समजा, त्या मशीनची संवेदनशीलता आणखी वाढवून सूचना ६ वाजून ८ मिनिटांनीच आली असती. रखवालदार दहा मिनिटं आधी, त्याच चुकीच्या जागी पोचला असता. नुसत्या वाढवलेल्या संवेदनशीलतेने त्या संध्याकाळी काय साधलं असतं, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

यावर सुरक्षा अधिकारी म्हणतात, ठीक आहे, मग पातळी वरच ठेवा. उगाच सारखा अलार्म होण्यापेक्षा खरी आग लागल्यावर वाजला तरी चालेल. ही पळवाट आहे, आणि ती का काढली जाते ते समजून घ्यायला हवं. आपल्याकडची हवा स्वच्छ नसते. शेजारच्या प्लॉटवर बांधकाम चालू असतं, डीजी सेट सुरू झाला की धूर फ्रेश एअरच्या तोंडाशी येतो, दिवाळीत लक्ष्मीपूजनाच्या रात्री बाहेरचीच हवा मशीनच्या लेखी आग असते. खंडेनवमीला यंत्रांची पूजा होते. यूपीएसला हार, समोर नारळ, आणि उदबत्तीचा पुडा पेटवून पॅनेलच्या फटीत खोचलेला. मशीन त्या दिवशी आपलं काम चोख करतं आणि शिव्या खातं. असे चार प्रसंग झाले की झोन आयसोलेट होतो. हॉट वर्क परमिटवर वेल्डिंगसाठी म्हणून आयसोलेट केलेला झोन काम संपल्यावर परत चालू करायचा राहतो, तो वेगळाच. पातळी वर नेणं हा यावर उपाय नाही, कारण मग आपण जो वेळ विकत घेतला तो परत दिला. उपाय मशीनमध्ये आहेतच. बसवल्यावर पहिले दोन आठवडे हवेची नेहमीची पातळी मोजू द्यायची आणि त्यावर आकडे बेतायचे. दिवस-रात्र वेगळे आकडे ठेवायचे. बाहेरून येणाऱ्या हवेवर वेगळं मशीन ठेवून तिचा धूर आतल्या आकड्यातून वजा करायचा, दिवाळीचा प्रश्न बराचसा त्यातच सुटतो. पूजेच्या दिवशी लेखी नोंद करून ठरावीक तासांपुरतं आयसोलेशन, आणि तेवढा वेळ खोलीत माणूस उभा. नुसतं ‘उदबत्ती लावू नका’ हे फर्मान कुठे पाळलं जात नाही. पाळलं जाईल असं धरून चालणाऱ्याने या धंद्यात येऊ नये.

बहुतेक मशीनांत चार पातळ्या असतात: अलर्ट, ॲक्शन, फायर १, फायर २. साइटवर चारही पातळ्या एकाच हूटरला जोडलेल्या सापडतात किंवा खालच्या दोन बंद करून टाकलेल्या असतात. दोन्हींत तोटा आहे. अलर्टचा हूटर कशाला वाजवायचा? तो एका नावाच्या माणसाच्या फोनवर आणि बीएमएसच्या (इमारतीच्या नियंत्रण यंत्रणेच्या) पडद्यावर यावा, आणि त्या माणसाने जाऊन बघावं, वास घ्यावा, थर्मल कॅमेऱ्याने रॅक आणि बस डक्टचे सांधे तपासावेत. ॲक्शनला दुसरा माणूस आणि इलेक्ट्रिकल विभाग. फायर १ ला इमारतीचा अलार्म आणि अग्निशमन दल. आग विझवणारा गॅस सोडण्याचा निर्णय फायर २ आणि एखाद्या साध्या डिटेक्टरची साक्ष, दोन्ही मिळून. आता मूळ मुद्द्यावर येऊ. अलर्टची पातळी इतकी खाली असावी की जायला लागणारी मिनिटं वजा जाऊनही काही करण्याइतका वेळ उरेल. आणि इतकी खाली नसावी की तो माणूस आठवड्यात चारदा रिकाम्या हाताने परत येईल, कारण पाचव्यांदा तो जाणार नाही. या दोन टोकांच्या मधली जागा माहितीपत्रकात सापडत नाही. माणसाला घड्याळ लावून पॅनेलपासून सगळ्यात लांबच्या रॅकपर्यंत चालवलं की सापडते.

देखभालीत सगळा खेळ एका गोष्टीवर येऊन थांबतो: हवेचा प्रवाह. मशीन प्रत्येक नळीतून किती हवा येतेय ते मोजत असतं. होलं धुळीने बुजली की प्रवाह कमी होतो, सांधा सुटला की वाढतो आणि वीस टक्क्यांच्या आसपास फरक पडला की फॉल्ट दाखवला जातो. एएमसीचा टेक्निशियन येतो, पिवळा दिवा बघतो, लॅपटॉप जोडतो आणि ‘फ्लो नॉर्मलाइझ’ करतो. दिवा हिरवा होतो, सही मिळते. प्रत्यक्षात काय झालं? बुजलेल्या होलांतून जेवढी हवा येत होती तीच आता शंभर टक्के म्हणून मशीनच्या स्मरणात लिहिली गेली. पुढच्या खेपेला आणखी बुजतील, तेव्हा ते नव्या शंभरावरून मोजलं जाईल. अशी दोन-तीनदा मांडणी बदलली की यंत्रणा अर्धी गुदमरलेली असते आणि पॅनेलवर सगळं आलबेल. यात टेक्निशियनला दोष देऊन भागत नाही. त्याला दिवसात पाच साइट करायच्या असतात, शिडी मिळत नाही, फॉल्स सीलिंग उघडायची परवानगी नसते आणि ग्राहकाला हिरवा दिवा हवा असतो. नळ्या साफ करायच्या तर मशीन आधी नळीपासून सोडवायचं, मग मशीनच्या बाजूने दाबाची हवा सोडून कचरा होलांतून बाहेर काढायचा. हे न सोडवता कुणी कॉम्प्रेसर लावला तर कोठडीचं वाटोळं. दोनेक तासांचं काम आहे. करारात त्याला ओळ नसते. फिल्टर कंपनीच्या पुस्तकात साधारण दोन वर्षांचा लिहिलेला असतो, पण बांधकामाशेजारच्या इमारतीत तो काही महिन्यांत काळा पडतो आणि फिल्टर भरला की धुराचेही कण त्यात अडकायला लागतात. कोल्ड स्टोरेजमध्ये नळीत पाणी धरू शकतं, तिथे पाणी साचायला वेगळा सापळा लागतो आणि मशीनने ओढलेली हवा परत त्याच खोलीत सोडावी लागते, नाहीतर दाबाच्या फरकाने प्रवाहाचा आकडाच भरकटतो.

प्रवाहाच्या आकड्यावर विसंबायचं नाही याला आणखी एक कारण आहे. मशीनजवळ नळी तुटली तर आकडा उडी मारतो. अगदी टोकाला, शेवटच्या होलाच्या आसपास तुटली किंवा एण्ड कॅप गळून पडली, तर फरक इतका थोडा असू शकतो की तो मर्यादेतच बसतो. रंगारी छताला रोलर मारताना टोकाची दोन होलं बुजवून गेला, तरी तेच. ज्या रॅकच्या डोक्यावर ती होलं होती तिथे आता डिटेक्शन नाही, आणि हे पॅनेलला माहीत नाही. म्हणून एकच चाचणी मला खरी वाटते: प्रत्येक नळीच्या शेवटच्या होलाशी धूर धरायचा आणि मशीनला कळेपर्यंत सेकंद मोजायचे. धूर ठरावीक लांबीची वायर कमी व्होल्टेजवर तापवून करतात किंवा चाचणीच्या खास कांडीचा. साध्या डिटेक्टरवर मारायचा स्प्रे इथे वापरू नये, त्याचा चिकट थर नळीत आणि फिल्टरवर बसतो. कमिशनिंगच्या वेळी ५५ सेकंद लागले होते आणि आज ८० लागतायत, तर मानकाच्या १२० मध्ये आहे म्हणून सोडून देऊ नका. मधल्या काळात काहीतरी घडलंय. आणि ही तुलना करायची तर कमिशनिंगचे सेकंद कुठेतरी लिहिलेले हवेत. ते कागद सापडणं हा या धंद्यातला दुर्मीळ योग.

कायदा आहे ना, तपासणी होतेच, असंही म्हणतात. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ खाली परवानाधारक एजन्सीकडून वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, फॉर्म बी द्यावा लागतो. यंत्रणा सुस्थितीत आहे असं त्यात प्रमाणित होतं. ही तरतूद चांगली आहे आणि ती नसती तर कित्येक इमारतींत पंपही कुणी सुरू करून बघितला नसता. पण यंत्रणा सुस्थितीत आहे म्हणजे पॅनेलवर फॉल्ट नाही, इतकाच त्या वाक्याचा अर्थ लावला जातो, आणि फॉल्ट कसा घालवतात ते वर आलंच आहे. सूचना आल्यावर माणूस किती मिनिटांत पोचला, याचा पुरावा तिथे कुणी मागत नाही.

सगळ्यात वजनदार आक्षेप नव्या पिढीच्या इंजिनिअरांचा आहे: माणूस इतका बेभरवशाचा असेल तर त्याला मधून काढूनच टाका; डिटेक्शन थेट गॅसला आणि पॉवर ट्रिपला जोडा. अलर्टच्या पातळीवर गॅस सोडणं म्हणजे उदबत्तीला गॅस सोडणं, हे उघड आहे. फायर २ वर सोडावा, तो सोडतातच. पण गॅसने काय विझतं आणि काय नाही हेही बघा. लिथियम-आयन बॅटरीच्या आत एकदा उष्णतेची साखळी सुरू झाली की ती बाहेरच्या हवेवर अवलंबून राहत नाही. गॅसने ज्वाळा दबते, सेल तापत राहतात, पुन्हा भडकतात. त्यांना भरपूर पाण्याने थंड करावं लागतं आणि पाणी मारायचं तर आधी वीज तोडावी लागते. दक्षिण कोरियात १५ ऑक्टोबर २०२२ ला पांग्यो इथल्या डेटा सेंटरच्या बॅटरी रूममध्ये आग लागली तेव्हा नेमकं तेच करावं लागलं आणि काकाओ या तिथल्या इंटरनेट कंपनीच्या सेवा देशभर कोलमडल्या. त्याच देशात २६ सप्टेंबर २०२५ ला देजॉनच्या सरकारी डेटा सेंटरमध्ये बॅटऱ्या हलवण्याचं काम चालू असताना आग लागली, ७०९ सरकारी प्रणाली बंद पडल्या आणि आग पूर्ण विझायला जवळपास २२ तास लागले. तिथे माणसं आगीच्या शेजारीच होती, डिटेक्शनचा प्रश्नच नव्हता. अशा ठिकाणी लवकर मिळालेल्या सूचनेचा उपयोग विझवायला थोडाच आहे; बॅटरीची स्ट्रिंग वेगळी करायला, लोकांना बाहेर काढायला आणि लोड दुसरीकडे हलवायला आहे. संपूर्ण हॉलची वीज तोडण्याचा निर्णय काही कोटींचा असतो, आणि तो ०.१ टक्क्याच्या आकड्यावर आपोआप व्हावा असं कुठलाही ग्राहक लिहून देत नाही. मीही सुचवणार नाही. ऑटोमेशन वाढवा, पण ते जिथे थांबतं तिथे निर्णयाचा अधिकार असलेला कुणीतरी लागतो, आणि रात्रपाळीला नेमका तोच नसतो.

मग रात्रपाळीला जाणता माणूस ठेवायचा खर्च कोण देणार? या प्रश्नाला माझ्याकडे गोड उत्तर नाही. डेटा सेंटरला तो परवडतो आणि बहुतेक ठिकाणी असतोही, फक्त त्याला एअर सॅम्पलिंगचं पॅनेल वाचायला कुणी शिकवलेलं नसतं. तिथे खर्च एका दिवसाच्या प्रशिक्षणाचा आणि दर तिमाहीला न सांगता घेतलेल्या एका रंगीत तालमीचा. बँकेचा सर्व्हर रूम, एखादं छोटं हॉस्पिटल, पुराभिलेखाचं दालन अशा जागी रात्री एकटा रखवालदार असतो. तिथे मी ग्राहकाला स्पष्ट सांगतो की चार पातळ्यांचं महागडं मशीन घेऊ नका, किंवा घेतलं तर अलर्ट बाहेरच्या मॉनिटरिंगला जोडा आणि वीस मिनिटांत पोचणाऱ्या माणसाचा करार आधी करा. ऑर्डर हातची जाते कधी कधी. टेंडर निघणार असेल तर मशीनच्या आकड्याखाली एवढं तरी लिहून घ्यावं: प्रत्येक नळीच्या शेवटच्या होलाचे सेकंद, मूळ नोंदीशी तुलना करून, वर्षातून एकदा, फ्लो नॉर्मलाइझ करायचा तर आधी होलं साफ केल्याचा फोटो, झोनचं नाव दारावरच्या पाटीशी जुळणारं, मराठीत, आणि अलर्टपासून माणूस त्या दारात उभा राहीपर्यंतची मिनिटं, रात्री मोजलेली.